वासोटा: शेअरिंग बोट मिळेल असं कोणी फोनवर सांगितलं तर विश्वास ठेवू नका

नागपूरहून बदली होऊन साताऱ्यात आलो त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून मन्याच्या मागे लागलो होतो की ये एकदा, डोंगर काय असतो ते दाखवतो तुला, आणि तो दर वेळी दिवाळीनंतर बघू म्हणायचा. शाळेपासूनची दोस्ती आहे, त्यामुळे रागावूनही उपयोग नसतो. शेवटी डिसेंबरात महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून आला एकदाचा. (सातारा स्टेशन गावाबाहेर आहे, माहुलीकडे, न्यायला कोणी येणार नसेल तर रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवून घ्या.)

अजिंक्यतारा, सज्जनगड, ठोसेघर, कंदी पेढे हे दोन दिवसांत झालं, मस्त झालं. त्याची माहिती कुठेही मिळेल म्हणून लिहीत नाही. ठोसेघरला डिसेंबरात पाणी बारीक असतं आणि कासला तेव्हा एक फूल नसतं, एवढंच लक्षात ठेवा. मन्याने फोटो बघितले होते, त्याला वाटलं कास म्हणजे बारा महिने फुलं. फुलं ऑगस्ट शेवट ते ऑक्टोबर सुरुवात, नंतर नुसतं वाळलेलं गवत.

लिहायचंय ते वासोटा किल्ल्याबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वासोट्याला साताऱ्याकडून गाडी जात नाही. कोयनेच्या धरणाचं पाणी मागे खूप लांबपर्यंत पसरलंय, त्याला शिवसागर म्हणतात. साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासवरून बामणोलीला जायचं, तिथून बोटीने तासाभराहून जास्त वेळ पाण्यातून, मग पलीकडच्या काठाला उतरून जंगलातून चढायचं. कोयना अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, म्हणून वन खात्याकडे नोंद करूनच वर जाता येतं, गडावर मुक्काम करता येत नाही आणि संध्याकाळच्या आत खाली यावंच लागतं. म्हणजे दिवसाचा सगळा हिशोब पहिल्या बोटीवर अवलंबून आहे. सकाळी जो तास गेला तो कुठूनच भरून निघत नाही, आणि आमचे नेमके दोन तास गेले.

झालं असं की बोट माणशी नसते, अख्खी बोट घ्यावी लागते. दहा-बारा जण असाल तर प्रश्नच नाही, पण आम्ही दोघंच. बामणोलीच्या रस्त्यावर टेंट भाड्याने देणारा एक जण आहे, त्याचा नंबर ऑफिसमधल्या एकाने दिला होता. मी चार दिवस आधी फोन केला तर म्हणाला दोघं असाल तरी टेन्शन नको, रोज शेअरिंग होतं, माणशी सहाशे द्या आणि साडेसातला या. मी दोनदा विचारलं की मंगळवार आहे, लोक असतील का. हो हो म्हणाला.

पहाटे पावणेसहाला निघालो. घाटात धुकं इतकं की मन्या खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड बघत होता आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये. सव्वासातला बामणोलीत पोचलो तर धक्क्यावर आम्ही, दोन कुत्री आणि रिकाम्या बोटी. टेंटवाल्याला फोन केला (नेटवर्क एका कोपऱ्यात येतं, तेही लहरीवर), म्हणाला पुण्याचा ग्रुप निघालाय, अर्ध्या तासात येतोय. आठ वाजले, साडेआठ वाजले, मग म्हणाला ते नाश्त्याला थांबलेत. सव्वानऊला स्वतः बाईकवर आला आणि म्हणाला ग्रुप कॅन्सल झाला, आता फुल बोट घ्या, साडेचार हजार. मन्या शांत माणूस आहे पण त्याचाही चेहरा बदलला. मी टेंटवाल्याला बाजूला ठेवून सरळ बोटवाल्यांच्या काउंटरवर गेलो. तिथे दरपत्रक लावलेलं आहे, पावती मिळते, आणि तीच बोट आम्हाला बाराशे रुपयांनी कमी पडली. मला खात्री आहे की असा कोणताही ग्रुप पुण्याहून निघालेला नव्हता. पैशाचा राग आहेच, पण बाराशे गेले असते तर मी विसरलो असतो. आमची सकाळ खाल्ली त्याने, ते विसरता येत नाही.

बोटवाले मात्र सज्जन निघाले, हे लिहायलाच पाहिजे. आमच्या बोटीवरच्या काकांनी लाइफ जॅकेट घाला म्हणून आठवण केली, वाटेत पाण्याखाली गेलेल्या गावांच्या जागा बोटाने दाखवल्या, इथे आमची जुनी शेती होती म्हणाले. धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली कितीतरी माणसं उठून गेली. त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. सकाळी पाण्यावर वारा फार बोचतो, जॅकेट किंवा कानटोपी घ्याच, आम्ही डिसेंबर असून नुसत्या टीशर्टवर होतो आणि पहिला अर्धा तास दात वाजत होते.

पलीकडे पोचायला अकरा वाजले. वन खात्याच्या चौकीवर नाव-गाव, ओळखपत्र, फी, आणि पिशवीतलं प्लास्टिक मोजतात. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, सगळं मोजून डिपॉझिट घेतात आणि परत येताना तेवढं दाखवलं की पैसे परत. चांगली पद्धत आहे, पण वेळ जातो, म्हणून घरूनच डबा भरा, पाकिटं नकोत. आम्ही बटाट्याची भाजी-चपाती स्टीलच्या डब्यात नेली होती, पाच मिनिटांत मोकळे झालो, पुढे एक कॉलेजचा ग्रुप होता तो अजून बिस्किटं मोजत होता.

काकांनी बजावलं, साडेचारला खाली पाहिजे. घड्याळात सव्वाअकरा.

चढ नियमित चालणाऱ्याला दोन तास. थोडं पुढे ओढा लागतो, तिथे मारुती आणि गणपती आहेत, पाणी तिथेच भरून घ्या. माणशी दोन लिटर लागतंच. पुढचं जंगल इतकं दाट आहे की भर दुपारी ऊन खाली पोचत नाही. चढ अंगावर येतो पण सावलीमुळे जाणवत नाही. मन्या नागपूरच्या सपाट जमिनीवरचा माणूस पण रोज सकाळी दहा किलोमीटर पळतो, त्याला दम लागला नाही. वाटेत एक फाटा येतो, एक वाट नागेश्वरच्या गुहेकडे आणि एक वासोट्याला. एका दिवसात दोन्ही होतं असं जे सांगतात ते पहिल्या बोटीने आलेल्या तयार लोकांबद्दल बोलतात. तुम्ही नऊनंतर बामणोली सोडली असेल तर नागेश्वर विसरा. आम्हाला सोडावं लागलं आणि मन्याला खरं तर तेच बघायचं होतं.

फाट्यानंतर झाडं संपतात, ऊन लागतं, मग खोदलेल्या पायऱ्या आणि पडके दरवाजे. वर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं, वाड्याची जोती. मी मन्याला ताई तेलिणीची गोष्ट सांगितली, औंधच्या पंतप्रतिनिधींसाठी तिने हा गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांच्या फौजेविरुद्ध कित्येक महिने लढवला. या किल्ल्याचं शिवाजी महाराजांनी ठेवलेलं नाव व्याघ्रगड आहे, ते इथे उभं राहिलं की पटतं. समोरचा झाडीने भरलेला डोंगर म्हणजे जुना वासोटा, १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथून तोफा डागल्या. तिकडे जायच्या भानगडीत पडू नका, वाट मोडलेली आहे आणि गवे-अस्वलं आहेत.

आणि बाबुकडा. इथे मी काय लिहू. गडाच्या टोकाला येतो आणि पायाखालची जमीन एकदम संपते, समोर अर्धगोल काळा कातळ सरळ खाली, त्याच्या खाली कोकण, चोरवण्याकडची झाडी, धुरकट निळं. मन्या कड्यापासून लांब खाली बसला आणि म्हणाला, "बे, हे तुझ्या घरापासून इतक्या जवळ आहे?" दीड वर्षात मला या गावात परकं वाटायचं ते त्या क्षणी गेलं. त्याला हे दाखवता आलं याचा इतका आनंद झाला की घड्याळाकडे बघायचं राहिलं. बघितलं तेव्हा पावणेतीन वाजले होते.

आता वाईट भाग. वासोटा चढायला सोपा आहे, उतरायला नाही, आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पावसाळ्यानंतर जंगलात पानांचा थर पडतो, डिसेंबरात तो कडकडीत वाळलेला असतो आणि त्याच्या खाली सुटे गोटे असतात. पान दिसतं, गोटा दिसत नाही. पाय ठेवला की गोटा फिरतो आणि पानं घसरतात, दोन्ही एकदम. फाट्यापासून खाली जवळजवळ तासभर हेच. हळू उतरलं तर काही होत नाही, पण आम्हाला साडेचार गाठायचे होते म्हणून जवळजवळ पळत होतो आणि तिथेच मन्याचा उजवा घोटा मुरगळला. पडला नाही, झाड धरलं म्हणून वाचला. "काही नाही होत बे, चल," म्हणाला, पण पाच मिनिटांनी पाय टेकवेना. मी बुटावरूनच क्रेप बँडेज कसून बांधलं, एक काठी शोधून दिली, त्याची सॅक मी घेतली आणि असेच इंच इंच उतरलो. त्या तासभरात सकाळचे बामणोलीतले दोन तास मला किती वेळा आठवले सांगू शकत नाही.

खाली पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं. काका काठावर उभे राहून वाट बघत होते. उशिराचे जादा पैसे मागतील असं वाटलं होतं, त्यांनी मन्याचा पाय बघितला आणि पाण्यात बुडवून बस म्हणाले. मी स्वतःहून दोनशे दिले तर घेईनात, जबरदस्तीने दिले.

तर जाणाऱ्यांनी काय करायचं. दोघं-तिघं असाल तर अख्ख्या बोटीचे पैसे खिशात धरूनच निघा, परवडत नसेल तर शनिवार-रविवारी जा, तेव्हा काउंटरवर लोक जोडीला मिळू शकतात, पण गर्दी असते. मधल्या माणसाला फोनच करू नका, सकाळी थेट काउंटरवर जा. शक्य असेल तर आदल्या रात्री बामणोलीत राहा, साताऱ्याहून एसटीने सकाळी येऊन पहिली बोट गाठायची अपेक्षा ठेवू नका. कॅश न्या. चांगल्या ग्रिपचे बूट, क्रेप बँडेज, आणि गुडघे बोलत असतील तर काठी. पावसाळ्यात बंद असतं, आणि सुरू झाल्या झाल्या ऑक्टोबरात गेलात तर जळवा असणार हे धरून चाला. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि काठावरूनच चाल वाढते. माझ्या मते डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरं, फक्त उतरायला अडीच तास ठेवा, दीड नाही.

मन्या सुजलेल्या पायाने चार दिवस माझ्याकडे झोपून होता, परतीचं तिकीट पुढे ढकललं. नागेश्वर राहिलं ते त्याला सहन होत नाहीये. फेब्रुवारीत परत येतोय, सोबत नागपूरचे चार जण आणतोय, म्हणजे आम्ही सहा जण होऊ, आणि या वेळी आदल्या रात्रीच बामणोलीत मुक्काम.