आधी व्हायपर, मग रॉस

अंदमानला गेलेली मराठी माणसं सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतात, ते व्हायलाच हवं. पण ती इमारत 1906 मध्ये पुरी झाली. काळ्या पाण्याची पहिली खेप उतरली मार्च 1858 मध्ये, उठाव नुकताच चिरडला होता तेव्हा. इंग्रज अधिकारी डॉ. वॉकर 200 कैदी घेऊन आला होता. त्या पन्नास वर्षांच्या खुणा पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) बंदरातल्या छोट्या बेटांवर आहेत. त्या बघायच्या तर आधी व्हायपर, मग रॉस.

व्हायपरवर 1860 च्या दशकात तुरुंग बांधला. कैद्यांना एका साखळीत जखडून कामाला जुंपत. टेकडीवर लाल विटांचं फाशीघर अजून उभं आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला 8 फेब्रुवारी 1872 ला भोसकणाऱ्या शेर अली या कैद्याला इथेच 11 मार्चला फासावर चढवलं. आमच्या बोटीतले सगळे गप्प झाले होते. एक महत्त्वाचं: तिकीट काढतानाच विचारा, बेटावर उतरवणार की लांबूनच दाखवणार? आम्ही विचारलं नाही आणि पहिली फेरी वाया गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे भरले.

रॉस अबरडीन जेट्टीवरून बोटीने दहा-पंधरा मिनिटांवर. कैद्यांनी जंगल तोडलं, आणि त्याच जागी साहेबांचं गाव वसलं: चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी, नाचघर, पोहण्याचा तलाव. व्हायपर बघून आलं की या यादीतला प्रत्येक शब्द टोचतो. 26 जून 1941 च्या भूकंपाने गाव खिळखिळं झालं, पुढच्या मार्चमध्ये जपानी आले. त्यांचा बंकर उतरल्याउतरल्या दिसतो. लोक सेल्फी काढून पुढे सरकतात, तुम्ही मात्र पाच मिनिटं थांबा. स्वातंत्र्यानंतर बेट ओस होतं, 1979 पासून नौदलाकडे आहे. 2018 मध्ये त्याला नेताजींचं नाव मिळालं, त्यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला त्याला 75 वर्षं झाली तेव्हा.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते पडक्या भिंतींनी. वडा-पिंपळाच्या जातीची झाडं छपरापर्यंत चढली आहेत. एका ठिकाणी विटा कधीच गळून गेल्या होत्या, पण मुळं भिंतीच्याच आकारात उभी, खिडकीची चौकटसुद्धा तशीच राखून. मी त्या चौकटीतून हात घातला. मूळ गार आणि ओलसर होतं, विटेचा चुरा बोटांना लागला. कुणा कैद्याने भाजलेली वीट असेल, हे मनातून जाईना.

सकाळची पहिली बोट पकडा, दहानंतर ऊन सोसत नाही. बुधवारी रॉस बंद असतं. ओळखपत्र जवळ ठेवा. परतीची बोट ठरलेली असते, तिचं नाव उतरताना लिहून घ्या, कारण मुक्कामाची परवानगी नाही. चढ आहे आणि पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा चपला नकोत. घरातल्या वयस्कर मंडळींसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम चांगला असतो, पण अंधारात अवशेष दिसत नाहीत. एकच जमणार असेल तर सकाळ निवडा. हरणं अगदी हाताशी येतात, त्यांना बिस्किटं घालू नका.