डावा हात

काल रात्री धाकटीने माझा नाच मोबाइलवर टिपला आणि आज सकाळी तो मला पाठवला. दिवसभरात मी तो सहा वेळा पाहिला आणि सहाही वेळा माझी नजर एकाच ठिकाणी अडली. माझा उजवा हात पडद्यावर नाच करून दाखवणाऱ्या कोचच्या बरोबरीने उठत होता, वळत होता, नेमक्या ठोक्यावर थांबत होता; डावा मात्र अंगाशी नुसता लोंबत होता, बोटे अर्धवट मिटलेली, जणू त्या हातात एखादी रिकामी पिशवी धरलेली आहे.

‘जस्ट डान्स’ या नाचाच्या व्हिडिओ गेममधले ‘रासपुतिन’ मी हल्ली जवळजवळ रोज नाचते. बोनी एम या बँडचे १९७८ सालचे हे गाणे २०१०च्या ‘जस्ट डान्स २’मध्ये आले. पडद्यावर तो दाढीवाला कोच एकटाच असतो, जोडीला कोणी नाही, आणि मला ते एकटेपण आवडते. का आवडते, ते आज लिहीत नाही. हात छातीशी दुमडून पाय आळीपाळीने पुढे फेकण्याची त्याची ती जागा आली की माझा श्वास पुरत नाही, तरी तिची मी सुरुवातीपासून वाट पाहत असते.

कालच्या नाचाला ११,०००च्या वर गुण मिळाले होते, म्हणजे ‘सुपरस्टार’ हा दर्जा. पूर्ण गुण १३,३३३ असतात, तेव्हा मी खूश होते. धाकटीनेही टाळ्या वाजवल्या. तो व्हिडिओ पाहिला नसता तर मी आजही खूशच असते.

गुण कसे मिळतात हे मला माहीत नव्हते असे नाही. नाचताना उजव्या हातात धरलेल्या फोनला त्या हाताची हालचाल कळते आणि तेवढ्यावरच पडद्यावर ‘परफेक्ट’ किंवा ‘ओके’ उमटते. एक्सबॉक्स या गेमच्या यंत्राला जोडायच्या किनेक्टला कॅमेरा होता, त्याला सगळे शरीर दिसत असे. फोनला पाय दिसत नाहीत, कंबर दिसत नाही, डावा हात तर नाहीच. पण मोजणी एका हाताची असली तरी मी सगळ्या अंगाने नाचते, असे मला अगदी मनापासून वाटत होते. हाताने हे मला न विचारता कधी ठरवले? ज्याची दखल घेतली जात नाही ते करायचे नाही, एवढा हिशेब माझ्या अंगात कुठून शिरला? दुपारभर मला स्वतःची फार कीव आली. कोणी पाहत नसताना मी आणखी काय काय असेच सोडून दिले असेल, याची मनातल्या मनात यादी होऊ लागली आणि ती लांबत गेली. आईला करायचे फोनही त्या यादीत आले. मग मी ती यादी तिथेच थांबवली.

संध्याकाळी पुन्हा नाचले. या वेळी कोचच्या त्या दुसऱ्या हाताकडेच लक्ष ठेवायचे ठरवले होते. तो समोर आरशासारखा उभा असल्यामुळे त्याचा उजवा हात म्हणजे माझा डावा, आणि इतक्या दिवसांत त्या हाताकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. तो किती काम करतो! कोचचा डावा हात वर जातो तेव्हा हा खाली तोल धरतो, आणि छातीशी घडी पडते तीही दोघांची मिळून. मी तिकडे पाहत राहिले आणि माझा उजवा हात मागे पडला. जास्त गुणांची एक हालचाल, ‘गोल्ड मूव्ह’, पूर्णच हुकली. शेवटी १०,००० देखील झाले नाहीत, चारच तारे मिळाले.

वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती, पण तसे फारसे वाटले नाही. खांदा मात्र दुखतो आहे, डावा. इतक्या महिन्यांत तो एकदाही दुखला नव्हता.

धाकटी परवा निघते आहे. तिला आजचाही नाच टिपायला सांगितले होते आणि आत्ता झोपण्यापूर्वी तो पाहिला. डावा हात सगळीकडे अर्धा ठोका उशिरा पोहोचतो आहे, पण बोटे उघडी आहेत.