वरच्या मजल्यावरचं वायफाय

‘नेट गेलं!’ ही आरोळी बहुमजली घरात बहुतेक वेळा वरून खाली येते. खालून वर क्वचितच जाते, कारण राउटर खालीच असतो. इंटरनेटची वायर ज्या भिंतीतून घरात शिरली तिथेच, टीव्हीच्या मागे, त्याला कोंबलेलं असतं. वरच्या खोलीत फोनमधली यादी उघडावी, तर शेजारच्यांची नेटवर्कं ओळीने हजर आणि आपलं तेवढं बेपत्ता. संताप येतो तो या दुसऱ्या गोष्टीचा.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपल्या नेटवर्कचं नाव पुकारत असतो. ते फोनला ऐकू आलं की यादीत दिसतं, नाही आलं की दिसत नाही. म्हणून नाव गेलं हे कळल्यावर ते कसं गेलं हे आधी विचारावं. विरत विरत गेलं की चुटकीसरशी? सगळ्यांचं गेलं की एकाच लॅपटॉपचं? पण एवढा धीर कुणाला असतो! राउटर बंद करायचा, चालू करायचा. कधीकधी तेवढ्यानेही भागतं, आणि मग मूळ दुखणं काय होतं ते कधीच कळत नाही.

विरत जाणारं नाव बहुधा स्लॅबने खाल्लेलं असतं. विटांच्या एखाद-दुसऱ्या भिंतीतून लहरी वाट काढतात. काँक्रीट आणि त्यातलं सळ्यांचं जाळं मात्र त्यांना चांगलंच अडवतं. त्यातही राउटरच्या दोन नेहमीच्या लहरपट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क आधी माघार घेतं, २.४ वालं जरा तग धरतं. सिग्नलचा आकडा दाखवणारं एखादं ॲप घेऊन जिना चढून बघावा. आकडा उणे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात असतो, आणि दहाने खाली गेला की शक्ती एक दशांश उरलेली असते. जिन्याच्या वळणावर उणे ६०, खोलीच्या दारात उणे ७०, लोखंडी कपाटाच्या आड उणे ८५. खोलीचं दार उघडं ठेवलं तरी आकडा थोडा सुधारतो, कारण स्लॅबला जिन्याएवढं मोठं भोक दुसरं नाही आणि बराचसा सिग्नल तिथूनच वर येतो. राउटर जिन्याजवळ, शक्य असेल तर मधल्या मजल्यावर आणला, तर अर्धं काम होतं. दिवाणखान्याची शोभा जाते म्हणून घरातून विरोध होईल, तो सोसावा.

अँटेनाचंही असंच. त्या सगळ्या सावधानमध्ये ताठ उभ्या करण्याची आपल्याला फार हौस. पण उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या ठेवलेल्या टायरसारख्या चहूबाजूंना पसरतात आणि थेट डोक्यावरच्या खोलीच्या वाट्याला टायरचं भोक येतं. एखादी अँटेना आडवी करून बघायला पैसे पडत नाहीत.

नाव एकदम गेलं आणि थोड्या वेळाने आपणहून परत आलं, तर स्लॅबला बोल लावू नये. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे क्रमांक दिलेले तुकडे म्हणजे चॅनल, आणि त्यातल्या ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारचा हक्क पहिला असतो. हवामानाची काही रडारंही त्याच पट्ट्यात चालतात. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याने चॅनल सोडायचं आणि त्या पट्ट्यातलंच दुसरं धरायचं असेल तर आधी निदान ६० सेकंद गप्प राहून ऐकायचं, असा अनेक देशांत नियम आहे. चाहूल खोटी असली तरीही! राउटरच्या सेटिंगमध्ये ३६ ते ४८ मधलं चॅनल ठरवून दिलं की हा लपंडाव थांबतो. आणि एकाच उपकरणाला नाव दिसत नसेल, तर २.४ चं चॅनल १२ किंवा १३ वर गेलंय का ते बघावं. काही उपकरणं ती चॅनलं वापरतच नाहीत. १, ६ किंवा ११ बरं.

एवढं करूनही वर काही दिसेना, की लोक रिपीटर, म्हणजे सिग्नल ऐकून तोच पुढे सांगणारं उपकरण, आणतात आणि जिथे सिग्नल मरतो नेमका तिथेच लावतात. त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? वाटेत, चांगला सिग्नल असेल तिथे लावावा. तरीही एकाच रेडिओवर ऐकणं आणि बोलणं दोन्ही करणारा रिपीटर वेग निम्म्यावर आणतो. माझं मत विचाराल तर खालून वर सरळ एक लॅन केबल न्यावी आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलमधून आलेलं नेट वायफायने पसरवणारं उपकरण, लावावा. केबल १०० मीटरपर्यंत चालते, घर त्याहून उंच असायचं कारण नाही. वायरलेससाठी वायर ओढायची, हे ऐकून घरचे हसतात. हसू द्यावं.

मग वरच्या यादीत नाव ठसठशीत दिसू लागतं. तरी फोन बराच वेळ खालच्याच राउटरला चिकटून राहू शकतो, कारण कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं हे शेवटी फोन ठरवतो. त्याचं वायफाय एकदा बंद करून चालू केलं, की तो बहुधा वरचा धरतो.