दुमजली स्टेशन

अलिबागहून डोंबिवलीला जायचं तर पनवेलमार्गे एसटी सोयीची. पण काकीला रेवसची लाँचच हवी होती. भाऊच्या धक्क्याला उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत पांढऱ्या कांद्याच्या चार माळा होत्या आणि डोक्यावर ऊन. डॉकयार्ड रोडचा जिना चढून हार्बर पकडली. एकच स्टेशन, सँडहर्स्ट रोड. (मुंबईकर या नावाचा काय उच्चार करतात ते इथे लिहीत नाही.)

"आता जिना उतरायचा, काकी. आपली गाडी खालून."

"मग मघाशी चढलो कशाला रे?"

प्रश्न रास्त होता. बोरीबंदरला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला, हार्बरचे फलाट एक आणि दोन, म्हणजे पार पश्चिमेच्या कडेला. डॉकयार्ड पूर्वेला, बंदराच्या अंगाला. मधे मेन लाइनचे रूळ आणि दाटीवाटीची वस्ती. मग गाडी वरूनच न्यावी लागली. १९१० साली सुरू झालेली हार्बर लाइन कुर्ल्याहून निघून रे रोडलाच थांबायची. बोरीबंदर गाठायला १९२५ उजाडलं. ३ फेब्रुवारीला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुटली, देशातली पहिली. ती गेली याच वरच्या फलाटावरून! तिथे साधा एक फलकही मला दिसला नाही.

वरचा मजला तोलणारे लोखंडी खांब मात्र बघण्यासारखे आहेत. रंगाचे इतके थर चढलेत की रिव्हेट लाडवासारखे गुळगुळीत झालेत. एका खांबावर बोट फिरवलं तर उठावाची अक्षरं लागली : जीआयपीआर, १९२१. म्हणजे तेव्हाची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. काकी म्हणाली, "हात काळे करू नकोस, कांदे धरायचेत."

सँडहर्स्ट हा १८९५ ते १९०० मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या कारकिर्दीत प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि कोंदट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून रुंद रस्ता काढला गेला. त्या रस्त्याला पुढे सरदार पटेलांचं नाव मिळालं. साहेब उरला तो फक्त स्टेशनावर. २०२४ साली विधिमंडळाने स्टेशनाचं नाव डोंगरी करण्याचा ठराव मंजूर केला, हे मी काकीला सांगितलं.

"ठराव कशाला हवा? आमचा मामा तिथेच खोली घेऊन राहायचा. त्याने कधी साहेबाचं नाव घेतलं नाही. डोंगरीच म्हणायचा."

खाली उतरलो. जिन्याच्या कठड्यात एक माळ अडकली, दोन कांदे घरंगळत गेले, एका शाळकरी पोराने आणून दिले. स्लो लोकलची वाट बघत उभे होतो तेवढ्यात डोक्यावरून हार्बर धडधडत गेली आणि छत थरथरलं. काकीने पदर कांद्यांवर ओढला.

"पडणार नाही ना रे हे?"

"शंभर वर्षं झाली, काकी."

"तेच तर म्हणते मी."