वीणा खाली टेकत नाही

ध्वजपूजन, कलशस्थापना, पाहुण्यांना नारळ-शाल हे आमच्या मंडळाच्या अखंड हरिनाम सप्ताहात दरवर्षी तसंच होतं. मन गुंततं ते पहाऱ्यात, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन नाम घेत उभं राहण्याच्या पाळीत. सात दिवस, दोन-दोन तासांचे ८४ पहारे. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्ये जमिनीला टेकत नाही. नाम आणि देव वेगळे नाहीत, ही वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणून नामात खंड नको. धोका रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला. त्या वेळेला कायम दोघांची नावं लावावीत. दवाने वीणेच्या तारा सुरातून उतरतात, त्या पहारा बदलतानाच लावून घ्याव्यात.

ज्ञानेश्वरीच्या ९०३३ ओव्या सात दिवसांत बसवायच्या, तर अठरावा अध्याय एकटाच अठराशेच्या वर. त्याला शेवटचा दिवस राखला नाही, की वाचक धावत सुटतात आणि अर्थ मागे राहतो.

डोळे भरून येतात ते समारोपाच्या, काल्याच्या कीर्तनात. त्या दिवशी निरूपण कृष्णाच्या बाललीलांचं. गोपाळांच्या शिदोऱ्या देवाने एकत्र केल्या, कुणाची भाकरी कुणाची हे उरलंच नाही, इथे बुवा आले की मांडव गप्प होतो. विठोबाच्या मस्तकी शिवलिंग आहे, हरि-हरांत भेद नाही, हेही बुवा तिथेच सांगतात. मग हंडी फुटते.

काल्याला किलोभर ज्वारीच्या लाह्या, दोन किलो पोहे, पाच लिटर दही, काकडी, भिजवलेली हरभरा डाळ, लोणचं. दही आणि मीठ हंडी बांधताना घालावं. आधी घातलं की पाणी सुटतं, लाह्यांचा लगदा होतो.

काल्याला मांडव पुरत नाही आणि पहाटे चारच्या काकड्याला माणसं मोजून पंधरा! हे दरवर्षी बोलतो, यंदाही बोलणार.

आभार या सगळ्यांचे: मृदंगाच्या डाव्या अंगाला रोज ताजी कणीक लावून रात्री न विसरता पुसून काढणारे दादा (वाळली की पुडी, म्हणजे मृदंगाचं कातडं, खराब होते), टाळकरी पोरं, चोपदार, सात दिवस पंगती सांभाळणारे आचारी आणि वाढपी, पाण्याचा टँकर देणारे शेतकरी, खरकटं उचलणाऱ्या मावश्या, मांडववाले, स्पीकरवाले, रांगोळी काढणाऱ्या मुली. आणि रात्री दोनच्या पहाऱ्याला किटलीतून चहा आणणाऱ्या शेजारच्या वाड्यातल्या काकू. गेल्या वर्षी आभारात त्यांचंच नाव राहून गेलं होतं.