शिवणीतली माया

गेली ४ वर्षं मी इचलकरंजीत खणाची जॅकेटं आणि कुर्ते करते. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येतो आणि शिलाई आप्पांच्या दुकानातल्या दोन मशीनवर होते. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी, दोन्हीकडे काठ. कॉलेजात मी जे पॅटर्न शिकले ते सगळे मोठ्या पन्ह्याच्या कापडासाठी होते. गोल मुंढा, वळणाचा गळा, उरेब, म्हणजे तिरकी कापलेली कॉलर. तेच पॅटर्न खणावर ठेवून बेतलं की प्रत्येक जॅकेटमागे कतरणीचा ढीग पडायचा. आप्पा मला कधी अडवायचे नाहीत. संध्याकाळी झाडताना काठाचे तुकडे तेवढे वेगळे काढून डब्यात ठेवायचे. एकदाच म्हणाले, "इणणाऱ्यानं काठ काय टाकून द्यायला इणलाय व्हय गं?"

ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. अरुंद कापडावरच ज्यांचा सगळा पोशाख उभा आहे अशी माणसं कोण, याचा शोध घेताना मी किमोनोपाशी पोचले. किमोनोच्या कापडाचा पन्हा साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर असतो आणि सुमारे १२ मीटरच्या एका ताक्यात एक किमोनो होतो. त्या ताक्याला ते 'तान' म्हणतात. हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, पण कापडाचं काम हाताला कळल्याशिवाय कळत नाही. मग ठरवलं, जपानला जायचं. घरातून विमानात बसणारी मी पहिलीच.

पासपोर्टला त्रास झाला नाही. व्हिसाला मात्र माझी चूक मला भोवणार होती. सगळं एका एजंटावर सोपवून मी निवांत झाले. मुंबईला फाइल जायच्या दोन दिवस आधी त्याच्याकडून कागद मागवून घेतले, तर जपानच्या अर्जाबरोबर दिवसावार कार्यक्रमाचा जो तक्ता द्यावा लागतो त्यात माझ्या नावावर डिस्नेलँड, फुजी पर्वत आणि ओसाकाचा बाजार. ज्या गावासाठी मी चालले होते त्याचं नावसुद्धा नव्हतं. त्या रात्री मी तक्ता स्वतः लिहून काढला. तारीख, गाव, कुठे जाणार, कुठे राहणार. सोबत एक पत्र लिहिलं: मी कापडाचं काम करते, हे हे पाहायला चालले आहे, बरोबरची जॅकेटं नमुन्याची आहेत, विकायची नाहीत. धंदा स्वतःचा, त्यामुळे पगाराची पावती नाही. आयकर विवरणपत्रं आणि ६ महिन्यांचा बँकेचा उतारा जोडला, एवढंच. व्हिसा आला. पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तो तक्ता दुसऱ्याला लिहू देऊ नका. तो लिहितानाच माझा प्रवास मला पहिल्यांदा नीट दिसला.

सामानात दोन जॅकेटं, एक कोरा खण, भडंगाची दोन पाकिटं आणि शेंगदाण्याची चटणी. शिवण उसवायचं रिपर आणि कात्री मोठ्या बॅगेत टाकली, कारण हातातल्या बॅगेत ती चालत नाहीत. आगगाडीचा ७ दिवसांचा पास मी घेतला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली, आणि टोकियो, नागोया, क्योतो एवढंच फिरायचं तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

टोकियोत पहिल्या दिवशी निप्पोरीला गेले. स्टेशनातून बाहेर पडलं की किलोमीटरभर रस्ता नुसता कापडाच्या दुकानांचा. बटणं, लेस, अस्तर, चामडं, सगळं. मी इचलकरंजीची, कापडाचे ढीग मला नवे नाहीत. पण तिथे रस्त्यावर विद्यार्थी हातात आपलं डिझाइन घेऊन एकेक मीटर कापड निवडत होते आणि दुकानदार एका मीटरसाठीसुद्धा तितकंच मन लावून ताका उलगडत होते. आपल्याकडे एक मीटर मागितलं की दुकानदार आधी माझ्या तोंडाकडे बघतो.

जुन्या कपड्यांच्या एका दुकानात १,५०० येनला, म्हणजे साधारण ८०० रुपयांना, एक जुना रेशमी किमोनो मिळाला. अस्तराला डाग होता म्हणून स्वस्त. खोलीवर आल्यावर तो गादीवर पसरला, हात जोडले आणि उसवायला घेतला.

पहिली गोष्ट हाताला कळली ती ही, की रिपरची गरजच नव्हती. सगळी हातशिलाई, साधा धावदोरा. एक टाका सोडवून दोऱ्याचं टोक ओढलं की दोरा सळसळत येतो, आणि कुठे अडलाच तर दोरा तुटतो, कापड नाही. शिवण इस्त्रीने अगदी टाक्यावर न मोडता केसभर पुढे मोडलेली, म्हणून बाहेरून टाका दिसत नाही. आणि आत माया, शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. इतकी माया मी कुठल्याच कपड्यात पाहिली नव्हती. दोन बोटं, कुठे चार बोटं कापड आत दुमडून ठेवलेलं, एक धागाही न कापता. खांद्यावर शिवण नाही. पाठीच्या घेरापासून निघालेली पट्टी खांद्यावरून सरळ पुढच्या घेरापर्यंत जाते. गळ्यालाही कापून काढलेला गोल नाही, चीर देऊन कापड आत वळवलेलं.

पहाटे ३ च्या सुमारास अस्तर बाजूला होतं आणि जमिनीवर ८ तुकडे होते. अंगाच्या दोन लांब पट्ट्या, दोन बाह्या, पुढच्या दोन अरुंद पट्ट्या, गळपट्टी आणि तिच्यावरची छोटी पट्टी. आठही सरळ. मी ते काठाला काठ लावून ठेवत गेले आणि माझ्या डोळ्यांसमोर ताका परत तयार झाला. जपानात किमोनो धुवायची जुनी पद्धत हीच आहे, 'अराइ-हारी'. पूर्ण उसवायचा, तुकडे जोडून पुन्हा लांब पट्टी करायची, धुवायची, ताणून वाळवायची आणि परत शिवायचा. आईचा किमोनो मुलीच्या मापाने होतो तो या वाटेने. हे मी आधी वाचलं होतं. त्या रात्री मांडी घालून बसले होते तिथे मला रडू आलं. आप्पांनी डब्यात जपून ठेवलेले काठ आठवले.

दुसऱ्या दिवशी कोमाबातल्या लोककला संग्रहालयात, १९३६ साली यानागी सोएत्सु यांनी उभारलेल्या निप्पॉन मिंगेइकानमध्ये, अर्धा दिवस काढला. चपला बाहेर काढायच्या आणि लाकडी जमिनीवरून हिंडायचं. उत्तरेच्या थंडीत कापूस पिकत नाही, म्हणून तिथल्या शेतकरी बायका तागासारख्या जाड कापडावर सुती दोऱ्याने दाट भरायच्या, ऊब आणि टिकाऊपणा दोन्ही मिळायचं. चिंध्यांवर चिंध्या लावून तोच धावदोरा. आजीची वाकळ जिने पाहिली आहे तिला ते समजावून सांगावं लागत नाही.

नागोयात रेल्वेस्थानकावर पहिल्यांदा घाबरले. आरिमात्सुला जाणारी गाडी ज्या स्थानकातून सुटते तिथे एकाच फलाटावरून मिनिटा-दोन मिनिटांनी वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या सुटतात. कुठल्या रंगाच्या खुणेपाशी उभं राहायचं हे ठरलेलं असतं. दोन गाड्या नुसत्या बघितल्या, मग एका शाळकरी मुलीला तिकीट दाखवलं. ती मला रांगेत नेऊन उभी करून गेली.

आरिमात्सु म्हणजे बांधणीचं गाव. १६०८ साली तोकाइदो या मोठ्या रस्त्यावर वसवलेलं. शेतीला जमीन फारशी नाही, म्हणून वाटसरूंना विकायला बांधून रंगवलेले सुती पंचे करायला लागले आणि त्यावरच गाव जगलं. १७८४ च्या आगीनंतर गवताची छपरं जाऊन कौलं आणि जाड गिलाव्याच्या भिंती आल्या. ती घरं आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. बांधायचे १०० हून जास्त प्रकार इथे झाले आणि पूर्वी एक कारागीर बहुधा एकच प्रकार आयुष्यभर करायची. मी कॉलेजात असताना भुजला महिनाभर बांधणी शिकले होते, त्यामुळे मला वाटत होतं की हाताला सवय आहे.

तिथल्या शिबोरी, म्हणजे जपानी बांधणीच्या, संग्रहालयात एक आजी प्रात्यक्षिक दाखवत बसल्या होत्या. लाकडी स्टँडला एक आकडी. आकडीत कापडाचं टोक अडकवायचं, चुण्या सारख्या करायच्या आणि मुळापासून वर दोरा गुंडाळत जायचा. उलगडल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उठते, म्हणून नावही कोळ्याचंच, 'कुमो'. भुजला नखाने चिमूट उचलून बांधतात. इथे आकडी कापड धरते आणि दोन्ही हात मोकळे. मी गुंडाळायला लागले. आजी बघत होत्या. मग त्यांनी माझं मनगट हलकेच दाबलं आणि म्हणाल्या, "युक्कुरी." सावकाश. मी दोरा ओढत होते. त्या दोरा ओढत नव्हत्या, कापड फिरवत होत्या, आणि दोरा आपल्या वजनाने बसत होता. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला दोऱ्याची खाच पडलेली. आप्पांच्या बोटाला कात्रीची आहे, त्याच बोटाला.

तासाभरात माझ्या ९ गाठी झाल्या. रंगवून, वाळवून नंतर कापड दोन्ही टोकांनी ओढलं की गाठी तडतड उडतात, तो आवाज भुजला आणि आरिमात्सुला एकच आहे. मी आजींना फोनवर भुजचे फोटो दाखवले. त्या चष्मा वर करून खूप वेळ एकेक ठिपका मोठा करून बघत राहिल्या, आणि शेजारच्या बाईंना बोलावून त्यांनाही दाखवले.

जेवणाचं एका ओळीत सांगते: शाकाहारी असाल तर माशाचा अर्क जवळपास प्रत्येक रश्शात असतो, हे धरून चाला. मी प्लमच्या लोणच्याचे भाताचे मुटके, उकडलेलं रताळं आणि आपलं भडंग यांवर सुखाने राहिले.

क्योतोत सगळ्यात महत्त्वाची भेट ठरवून झाली नव्हती. ज्या घरगुती लॉजमध्ये उतरले तिथल्या मालकीणबाईंना मी उसवलेला किमोनो दाखवला, तर त्या म्हणाल्या, पलीकडच्या गल्लीत माझ्या ओळखीच्या बाई किमोनो शिवतात, येतेस? आम्ही गेलो. छोटी खोली, चटईवर लांब फळी. कापडाचं एक टोक दोरीला बांधलेल्या चिमट्यात धरलेलं, दुसरं डाव्या हातात ताणलेलं, आणि उजवीकडे सुई जवळजवळ जागेवरच, कापडच सुईवर चुण्या घेत येत होतं. खुणा खडूने करत नव्हत्या. हाडाच्या पात्यासारखं एक साधन दाबून कापडावर नुसती रेघ उमटवायची, जी धुतल्यावर जाते.

मी माझं खणाचं जॅकेट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी समोरून पाहिलंच नाही. आधी ते उलटं केलं. मुंढ्याच्या आत ओव्हरलॉक केलेली, अर्ध्या बोटावर छाटलेली शिवण त्यांनी अंगठ्याने चाचपली. खणाचे काठ पाहून "किरेइ" म्हणाल्या, सुंदर. मग मालकीणबाईंच्या फोनवर बोलून मला प्रश्न विचारला. पडद्यावर इंग्रजीत जे आलं त्याचा अर्थ असा: घालणारी जाड झाली तर कापड कुठून आणायचं?

मी उत्तर दिलं नाही, देता आलं नाही. ४ वर्षांत दीडशेच्या वर जॅकेटं विकली आणि एकाही शिवणीत मी माया ठेवली नव्हती. कॉलेजात ती छाटायला शिकवली होती, आणि आप्पा प्रत्येक झंपराला न विचारता दोन बोटं सोडतात त्याकडे मी जुनी सवय म्हणून बघत होते. त्या बाईंनी मला अर्धा तास बसवून घेतलं. माझ्या कोऱ्या खणावर बाहीची पट्टी कशी मोडायची, माया कुठल्या बाजूला वळवायची, ते हाताने करून दाखवलं. खणाला सुई लावायच्या आधी त्यांनी काठावरून तळहात फिरवला. पैसे घेतले नाहीत. मी भडंगाचं उरलेलं पाकीट दिलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

१२ दिवसांत एकूण १ लाख ८० हजार रुपये गेले. यातले ६० हजार आप्पांनी दिले होते.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आईने ट्रंकेतली आजीची चोळी काढली. उसवायला ती देईना, आणि मीही हट्ट केला नाही. आम्ही ती दुकानातल्या टेबलावर पालथी पसरली. काठ बाहीच्या टोकाला आणि खाली पोटाशी. काखेत चौकोनी कळी. आप्पांनी चष्मा लावला, टेप घेतला आणि एकेक भाग मोजायला लागले, मी वहीत आकडे उतरवत गेले. पाठ, पुढे, बाह्या, कळ्या. मग मी कोरा खण उलगडला आणि खडूने ते आकडे त्यावर मांडले.

आप्पांनी बाहीची शिवण बोटाने उघडून आत पाहिलं. "माया हाय बघ," म्हणाले. "दोन बोटं. आयनं लिवली न्हाई, पर धा येळा सांगितली हुती."

मी तो आकडाही लिहून घेतला.