सहा रुपयाचा शेअर, पण शेअर आहेत किती?

आमच्या साडूंचा फोन आला की आधी तब्येत, मग मुलांचे मार्क आणि मग एखादा शेअर, हा क्रम ठरलेला. दीडेक वर्षापूर्वी म्हणाले, "अहो सहा रुपयाला मिळतोय, सहाचे बारा व्हायला काय लागतं?" आणि मी, हिशोबात स्वतःला लई हुशार समजणारा माणूस, पाच हजार शेअर घेऊन मोकळा झालो. तीस हजार, जास्त नाही, पण त्या तीस हजारांनी जे शिकवलं ते लिहून ठेवतोय.

सहाचे बारा व्हायला काय लागतं ते शेअर किती आहेत त्यावर ठरतं. व्होडाफोन आयडियाच बघा. 2023 मध्ये सरकारने 16,133 कोटींच्या थकबाकीच्या बदल्यात शेअर घेतले, 2024 ला 11 रुपयाने 18,000 कोटींचा एफपीओ (आधीच बाजारात असलेल्या कंपनीने लोकांना आणखी शेअर विकणं) झाला, 2025 मध्ये परत 36,950 कोटींचे शेअर सरकारला, 10 रुपयाने, म्हणजे एका फटक्यात 3,695 कोटी नवे शेअर! आता एकूण दहा हजार कोटींच्या वर शेअर आहेत, त्यामुळे भाव एक रुपया वाढायचा म्हणजे मार्केट कॅपमध्ये (सगळ्या शेअरची मिळून किंमत) दहा हजार कोटींपेक्षा जास्त भर पडायला हवी. दिसायला तो "स्वस्त" शेअर.

उलटं टोक म्हणजे आपल्या मुंबईची एलसिड ही गुंतवणूक कंपनी. शेअर फक्त 2 लाख, त्यातले 75 टक्के प्रमोटरकडे (कंपनीच्या मालक मंडळींकडे), म्हणजे बाहेर पन्नास हजार. 2024 पर्यंत भाव साडेतीन रुपये, सगळ्या कंपनीची किंमत सात लाख, एका वॅगनआरएवढी, आणि पोटात एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर. एवढ्या भावाला विकणार कोण? शेवटी 29 ऑक्टोबर 2024 ला खरा भाव ठरवायला स्पेशल ऑक्शन (लिलाव) झालं आणि 3.53 चा भाव थेट 2,36,250. भाव बघून पेनी स्टॉक (अगदी कमी भावाचा शेअर) म्हणायचा तर हाही पेनी स्टॉकच होता की.

तर माझ्या शेअरकडे येतो (नाव नाही लिहीत, उगाच कशाला). अ‍ॅपवर शेअर दिसत होते 24 कोटी. मी त्यावरच ईपीएस (एका शेअरमागचा नफा), मार्केट कॅप सगळं काढलं. नंतर बीएसईच्या साइटवर शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती शेअर त्याचा तक्ता) उघडला तर पेड-अप कॅपिटल (शेअरची संख्या गुणिले फेस व्हॅल्यू) 31.4 कोटी, फेस व्हॅल्यू (शेअरची कागदावरची किंमत) 1 रुपया, म्हणजे शेअर 31.4 कोटी! मधले 7.4 कोटी आले कुठून? वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क. वॉरंट घेणारा सुरुवातीला फक्त 25 टक्के पैसे भरतो, बाकीचे भरून शेअर करून घ्यायला 18 महिने असतात. अ‍ॅपवाल्यांचा आकडा जुनाच राहिलेला.

आणि खरी मजा त्याच्या पुढे होती. प्रमोटर 29 टक्के, पब्लिक 71. मला वाटलं वा, माल भरपूर फिरतोय. पण पब्लिक म्हणजे प्रमोटर सोडून सगळे, वॉरंटवालेसुद्धा त्यातच. एक टक्क्याच्या वरच्या लोकांची नावं खाली दिलेली असतात, ती बेरीज केली, नऊ नावं, 38 टक्के. शेजारी लॉक-इनचा (ठराविक काळ विकता न येणाऱ्या शेअरचा) कॉलम आहे, त्यात या नऊ जणांचेच ते 7.4 कोटी अडकलेले. आणखी एक कॉलम असतो डीमॅटचा, तो कोणी बघतच नाही. चारेक टक्के शेअर अजून कागदावरच, कुणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेत असतील, ते कुठले बाजारात येतात. 71 मधून हे 38 आणि 4 वजा केले तर खरा फिरता माल 29 टक्के. तेव्हा कळलं रोज अप्पर सर्किट (एका दिवसात भाव वाढायची मर्यादा) कसं लागत होतं ते, एवढ्याशा मालावर थोडे पैसे टाकले तरी भाव उडतो.

प्रमोटर नसलेल्यांचा लॉक-इन ट्रेडिंगची परवानगी मिळाल्यापासून सहा महिन्यांचा. ती तारीख एक्सचेंजच्या नोटिशीत चक्क लिहिलेली असते, मी बघितली नाही. तो सुटला आणि 29 टक्के माल होता तिथे एकदम 53 टक्के झाला. मग लोअर सर्किट, रोज सकाळी 9.15 ला विकायला लावायचो, घेणारा शून्य. साडूंना फोन केला तर म्हणाले, "अहो थांबा, लाँग टर्म आहे." सहाचा शेवटी दोन रुपये चाळीस पैशाला सुटला.

विकून झाल्यावर दोन तिमाह्यांचे पॅटर्न शेजारी शेजारी ठेवून बघितले (तिमाही संपल्यावर 21 दिवसांत टाकावे लागतात, मध्येच कॅपिटल दोन टक्क्यांपेक्षा जास्त बदललं तर 10 दिवसांत). नऊ नावांपैकी सहा गायब. आणि छोट्या गुंतवणूकदारांच्या ओळीत आधी नऊ हजार लोक होते तिथे आता एकतीस हजार. त्यात एक मी, आणि एक साडू, त्यांच्याकडे अजून आहेत.